एक कढई साबण

आमच्या लॉजला वास येतो. धंद्याच्या दृष्टीनं हे वाक्य धोक्याचं आहे, मला कळतं. पण खोटं बोलायचं नाही असं माझं व्रत आहे, त्यामुळे ते बदलता येत नाही. चांगला वास येतो, एवढं मात्र जोडते.

'लॉज' हा शब्द वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, खपत नाही. त्या सगळ्यांना 'आमचं विश्रामगृह' म्हणून सांगतात, आणि मग लोक आम्हाला सरकारी समजून फुकट राहायला येतात. असो. खोल्या आठ, चादरी पांढऱ्या, आणि त्या चादरींचा वास आमच्या ह्यांनी घडवलेला. घडवलेला म्हणजे खरोखरच. साबणवाल्यांच्या भट्टीवर स्टूल टाकून बसायचे आणि "लवंग जरा आवरा, लाकूड जरा वाढवा" असं गायकाला ताल द्यावा तसं सांगायचे. साबणवाले कावून म्हणायचे, "अहो साहेब, चादरीला लावायचाय, पानात वाढायचा नाहीये!" शेवटी जमला. आधी ओल्या लाकडाचा, मागून लवंगेचा, आणि सगळ्यात शेवटी जे येतं त्याला नाव नाही. खोलीतून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि लगेच परत येणार आहे, असं वाटतं.

हे गेले. लगेच काय, कधीच परत येणार नाहीत, हे मला नीट माहीत आहे. पण घडीची चादर झटकली की ती एक श्वास सोडते, आणि त्या श्वासापुरतं मला काहीच माहीत नसतं. सकाळी देवाचं आटोपलं की चादरी झटकणं, हा माझा दुसरा नेम.

होते तेव्हा तरी कुठे घरात टिकायचे म्हणा! मी चहा ओतला रे ओतला की स्वारी नेमकी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. "येईल गं, कपावर बशी झाक," वन्सं म्हणायच्या. मी झाकायची. माझा निम्मा संसार त्या बशीखाली गार झाला.

तर एके दिवशी साबणवाले आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. टोपी हातात घेऊन उभा राहिलेला माणूस चांगली बातमी आणत नाही.

"वहिनी, महिनाअखेर भट्टी विझवतोय."

"का हो दादा?"

"वडीचा साबण कुणाला हवाय आता? गिऱ्हाईक म्हणून तुम्ही एकट्याच उरलात. कढई चढवायची तर पूर्ण चढवावी लागते, अर्धी चढवली की करपते. आणि एका कढईचा साबण तुम्हाला नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल."

"मला नातवंडं नाहीत, दादा."

"मग तर अजूनच पुरेल," ते खिन्नपणे म्हणाले. "दर महिन्याला एक अख्खी कढई उचलणारं कुणी मिळवा. उद्या पेटवतो."

मी त्या रात्री जेवले नाही. वन्संनी विचारलं, "आज कसला उपास?" मी म्हटलं, "साबणाचा." त्यांनी पंचांगात पाहिलं.

शेजारी नियमकाका राहतात. हयातभर हिशेबतपासनीस होते, निवृत्त झाल्यापासून गल्लीत तपासायला जे मिळेल ते तपासतात. माझ्या सासऱ्यांचे स्नेही, म्हणून मला अजून सूनबाई म्हणतात. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "सूनबाई, तू सामूहिक खरेदी संघात शीर."

"म्हणजे काय?"

"तू छोटी. तो छोटा. तो पलीकडचाही छोटा. एकेकटे गेलात तर दुकानदार तुम्हाला बसायलाही सांगत नाही. सगळे मिळून एकदम माल घेतलात, तर तोच उठून उभा राहतो. साबण, टॉवेल, बल्ब, फिनेल, सगळं एकत्र."

मला एवढंच ऐकू आलं की साबण एकत्र. सगळे मिळून घेणार म्हणजे कढईनं घेणार. मी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. नियमकाकांना वाटलं त्यांनाच जोडले, आणि ते सुखावले.

पुढचा आठवडा संघ निवडण्यात गेला. मुलगी बघायलासुद्धा आमच्या घराण्यात कुणी एवढं हिंडलं नव्हतं. नियमकाकांनी मला विचारायचे प्रश्न पाठ करून घेतले होते: संघाचं पोट कशावर चालतं? खरेदीचा किती भाग त्यांच्याकडूनच करायची सक्ती आहे? नाही पटलं तर बाहेर कसं पडायचं? "आणि आपला ओळखीचा माल त्यात घालता येतो का, हा शेवटचा. हा हळूच विचारायचा," ते म्हणाले. हळू विचारायचं मला सांगावं लागत नाही. मी मोठ्यानं बोलले ते शेवटचं कधी, हे वन्संनाही आठवत नाही.

पहिल्या संघाकडून टाय लावलेले एक गृहस्थ आले. त्यांचा संघ म्हणे देशभर पसरलेला. त्यांनी उशीएवढं पुस्तक काढलं. साबणांचीच पानं संपता संपेनात, आणि सगळे साबण एकमेकांचे सख्खे भाऊ.

मी हळूच विचारलं, "यांचा वास?"

"मॅडम, कॅटलॉगला वास नसतो."

"तेच म्हणते मी."

नियमकाकांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही आमच्याकडून काही घेत नाही म्हणता. मग तुमचं पोट कशावर?"

"माल पुरवणाऱ्या कंपन्या आम्हाला मोबदला देतात, सर."

"म्हणजे मुलगी आमची, मध्यस्थ आमचा, आणि दक्षिणा वरपक्षाची. बाहेरचा साबण चालेल?"

"जवळजवळ सगळी खरेदी आमच्या यादीतूनच करावी लागते. पण का घ्यायचा बाहेरचा?" ते गृहस्थ हसले. मग मला विचारलं, "तुमचा सगळ्यात मोठा खर्च कुठला, मॅडम?"

मला व्रत आड आलं. मी म्हटलं, "वन्सं."

वन्सं दाराआडच होत्या. पुढचे दोन दिवस त्या आमच्याकडे जेवल्या नाहीत. म्हणजे जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

दुसरा संघ आमच्याच रस्त्यावरच्या लॉजवाल्यांचा. त्याचे पुढारी तीनमजली. त्यांचं खरं नाव काहीतरी आहे, पण उतारावर आमच्या खालच्या अंगाला त्यांनी तीन मजले चढवले आणि लिफ्ट लावली, तेव्हापासून रस्ता त्यांना याच नावानं ओळखतो. ह्यांची आणि त्यांची धंद्यातली चुरस जुनी. पण त्या संघाची नियमावली नियमकाकांनीच लिहून दिलेली, आणि तिच्यात स्पष्ट होतं की बहुमत झालं तर कुणाचाही माल यादीत घेता येतो. साबणाचा ठराव पुढच्याच सभेत होता. मी तीनमजलींचा संघ निवडला. माझ्या आयुष्यातला हा दुसरा निर्णय. पहिला ह्यांना हो म्हणायचा, तोही हळूच म्हटला होता.

सभासद व्हायचं तर धंदा आपल्या नावावर असल्याचा दाखला लागतो. तो आणायला मी कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी कागद पाहिला.

"इथे मालक म्हणून वेगळंच नाव आहे."

"आमचे हे."

"मग त्यांना घेऊन या."

"ते नाहीत."

"कधी येतील?"

बाईंचा काही दोष नव्हता. त्यांच्यामागे पंखा कुरकुरत होता, माझ्यामागे रांग होती. तरी मी त्या खिडकीशी उभी राहून त्या प्रश्नाचा जरा जास्तच वेळ विचार केला. किती सहज विचारलं होतं! जसे काही बाजारातून येतायत. मागचा माणूस म्हणाला, "काकू, उत्तर येत नसेल तर बाजूला व्हा." मी बाजूला झाले. मग आणखी काही खिडक्या, आणखी काही शिक्के, आणि शेवटी लॉज माझ्या नावावर झाला. घरी येऊन ह्यांच्या फोटोला सांगितलं, "तुमचं नाव खोडलं हो त्यांनी. मी नाही."

आता सभेचं. ते सांगायचं तर माझा सकाळचा नेम सांगायला हवा. सकाळी देवापुढे दिवा लावला की तो आपसूक विझेपर्यंत मी मौन धरते. तोंडानं नाही, खुणेनं नाही, चिठ्ठीनंही नाही. चिठ्ठी लिहिली तर ते मौन कसलं, तो तर पत्रव्यवहार. आणि दिवा आपण फुंकायचा नाही, विझेल तेव्हा विझेल. सभा सकाळची. म्हणून त्या दिवशी मी दिव्यात तेल अगदी टिपूसभर घातलं, अंगणात चादरी वाळत घातल्या आणि कपाटातली एक धुतलेली चादर घडी न मोडता पिशवीत ठेवली. बेत साधा होता. सगळ्यांसमोर झटकायची आणि म्हणायचं, हा साबण घेऊ या.

आत येऊन पाहते तो दिव्याची ज्योत बोटभर उंच.

"अगं, एवढ्या मोठ्या कामाला निघालीस आणि दिव्यात तेल टिपूसभर?" वन्संनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. राग सरला होता बहुतेक. "काठोकाठ भरलाय मी. दुपारपर्यंत हलत नाही तो. यश घेऊनच ये."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मौनात डोळ्यांनी काय काय बोलता येतं हे देवानं पाहिलं असेल, तर त्याबद्दल त्याची क्षमा मागते.

माझा चेहरा बघून नियमकाकांना सगळं उमगलं. त्यांनी वन्संना दिव्याजवळ फोन घेऊन बसवलं. विझला की तत्काळ कळवायचं. आणि म्हणाले, "घाबरू नकोस, तुझ्या वतीनं मी बोलतो."

सभा तीनमजलींच्या जेवणघरात. नियमकाका खाकरून उठले, "आमच्या सूनबाईंचं म्हणणं असं—"

"काका," तीनमजली म्हणाले, "सभासद नसलेल्यानं सभेत बोलायचं नाही. नियम चौथा. तुमचाच."

"चांगला नियम आहे," काका म्हणाले आणि बसले.

मी पिशवीतून चादर काढली. उठून झटकणार, तेवढ्यात तीनमजली ओरडले, "अरे वा! वहिनींनी टेबलावर घालायला चादरसुद्धा आणली! बघा, याला म्हणतात सहकार!" त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, पसरली, आणि तिच्यावर चहाची किटली ठेवली. लवंगेचा श्वास सुटला तो किटलीच्या वाफेत कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं. पण मौनात रडायला परवानगी आहे की नाही, हे मी गुरुजींना कधी विचारलं नव्हतं, म्हणून आवरलं.

मग ठराव आला. गुलाबी पातळ साबण, पिंपानं, स्वस्तात.

"कुणाची हरकत असेल त्यांनी बोलावं."

सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मी खिडकीतून आमच्या छपराकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, विझ रे बाबा, विझ. देवाला उद्देशून एवढ्या कळवळून मी कधी काही मागितलं नव्हतं, आणि तेही त्याचाच दिवा विझावा म्हणून!

"हरकत नाही. एकमतानं मंजूर. आता पिंपं ठेवायची कुणाकडे? वहिनींची आठ नंबरची रिकामी असते म्हणे. हरकत?"

मी रिकाम्या पिशवीचे बंद आवळले.

"मंजूर. अध्यक्ष?"

इथे मात्र गदारोळ झाला. प्रत्येकाला व्हायचं होतं आणि दुसऱ्याला होऊ द्यायचं नव्हतं. कुणी कुणाच्या गाद्यांमधले ढेकूण काढले, कुणी कुणाच्या लिफ्टमध्ये अडकलेले पाहुणे. शेवटी कुणीतरी म्हणालं, "या सभेत कुणाबद्दल वाकडा शब्द न काढलेलं एकच माणूस आहे." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांमध्ये नियमकाकांचा फोन वाजला. वन्सं किंचाळल्या, "विझला गं!"

मी उभी राहिले. "साबण—"

"झाला की मंजूर!" तीनमजली म्हणाले. "सभा संपली. चहा घ्या, अध्यक्ष."

पिंपं आली. आठ नंबरची खोली ह्यांची दुपारची. चार वाजेपर्यंत तिथे आडवे व्हायचे, मग कुणाच्या तरी दारात. त्या खोलीत आता छतापर्यंत गुलाबी पिंपं. वास म्हणाल, तर शाळेतल्या सुवासिक खोडरबरासारखा. आणि काम खोडरबराचंच. एकेक चादर धुतली जाई तसतसा तो वास खोल्याखोल्यांतून ह्यांना पुसत गेला. साबणवाल्यांच्या शेवटच्या वड्याही संपल्या. जुन्या साबणात धुतलेली एक चादर तेवढी उरली. ती मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली. झटकली तर संपली. म्हणून रोज कपाट उघडायची, घडीवर हात ठेवायची आणि बंद करायची.

आमच्याकडे घड्याळं विकणारे एक फिरते गृहस्थ येतात, वर्षानुवर्षं येतात. त्या आठवड्यात आले, दोन नंबरमध्ये गेले आणि जरा वेळानं बाहेर येऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, कोण गेलं इथून?"

"कुणी नाही. का हो?"

"नाही," ते म्हणाले, "असंच वाटलं." रात्रीपुरते राहिले आणि सकाळी चहा न घेता गेले.

गुरुवारी कंपनीचा माणूस साबण कसा वाटला ते विचारायला आला. गुरुवारीच का यावं? दर गुरुवारी कुणाचंही आणि कशाचंही उणं बोलायचं नाही, हा माझा तिसरा नेम. खोटंही बोलायचं नाही, उणंही बोलायचं नाही. मी पुष्कळ विचार करून म्हटलं, "रंग छान आहे."

"आणखी?"

"फेस होतो. पुष्कळ होतो."

"अध्यक्ष समाधानी," असं पुटपुटत तो आनंदानं गेला आणि दुप्पट माल पाठवून दिला. तो आठ नंबरमध्ये कोंबताना तळातल्या एका पिंपानं जीव सोडला, आणि वरच्यांनी त्याच्यामागून. गुलाबी ओघ दाराखालून मोरीत गेला, मोरीच्या नळाला भेटला आणि फेस होऊन उतारानं खाली निघाला. मी आणि वन्सं केरसुण्या घेऊन मागे धावत होतो. गायी हाकाव्या तसा आम्ही तो फेस हाकत होतो, आणि तो उलट जोमानं पुढे जात होता. तीनमजली आपल्या दारात पाहुण्यांचं स्वागत करायला पांढरेशुभ्र कपडे घालून उभे होते. उभे होते, हे भूतकाळी आहे.

"वहिनी!" ते फेसातून ओरडले. "हे काय आहे?"

"एकमतानं मंजूर झालेलं," मागून नियमकाका म्हणाले. सभेबाहेर त्यांना बोलायला बंदी नव्हती.

तातडीची सभा बोलावणं भाग होतं. आणि सभेची वेळ अध्यक्षानं ठरवायची असते, नियम अकरावा. मी संध्याकाळ ठरवली. महिनाही त्याच दिवशी संपत होता. साबणवाल्यांनी भट्टीच्या विटा काढायला माणूस बोलावला होता. मी त्यांना निरोप धाडला, आजचा दिवस थांबा.

तीनमजलींच्या जेवणघरात सगळे जमले, वन्संसुद्धा. तीनमजली कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून आले. दिवा नव्हता, गुरुवार नव्हता, मला तोंड होतं. आणि उठून उभी राहिले तर कळलं, बोलायला काही नाही. काय सांगायचं? आमच्या ह्यांचा वास येतो म्हणून साबण घ्या? दर काय, बचत काय, नियमकाकांनी पढवलेलं सगळं ओठाशी येऊन परत फिरलं.

मी पिशवीतून ती कपाटातली शेवटची चादर काढली. तीनमजलींचा हात सवयीनं पुढे आला. "थांबा," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण वन्सं दचकल्या.

घडी सोडली. दोन्ही टोकं धरली. एकदा वाटलं, नको, परत घडी घालावी. मग झटकली.

खोलीभर तो श्वास गेला. ओलं लाकूड. लवंग. आणि नंतरचं ते. तीनमजलींनी दाराकडे पाहिलं, अगदी झटकन, कुणी आलं की बघतो तसं.

"हा तर," ते म्हणाले आणि थांबले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वहिनी, रोज चार वाजता यायचा तो माझ्याकडे. पायरीवर बसायचा. भांडायचो आम्ही दरांवरून. पण चहा मात्र इथेच प्यायचा."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. म्हणायचा, घरचा आता गार झाला असेल, तूच दे."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. मला रागवायचं होतं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती दुपार उताराखाली तीनमजलींच्या पायरीवर बसली होती! पण तो वास अजून पुरता विरला नव्हता, आणि त्याच्यासमोर मला कधीच रागावता आलेलं नाही.

"कुणाची हरकत?" तीनमजलींनीच विचारलं, आणि कुणी बोलायच्या आत म्हणाले, "नाही. चढवा कढई."

भट्टी विझली नाही. आता दर महिन्याला कढई चढते आणि रस्त्यावरचे सगळे लॉज ती वाटून घेतात. गुलाबी पिंपं कंपनीनं परत नेली. व्यवहार म्हणून पाहिलं तर माझी निवड अचूक ठरली, असं नियमकाका सांगतात, आणि पुढच्या वर्षीही मीच अध्यक्ष व्हावं म्हणून सभा सकाळचीच ठेव, असंही बजावतात.

एवढंच की घड्याळवाले आता तीनमजलींकडे उतरतात. परवा रस्त्यात भेटले, ओशाळले. "वहिनी, वास तोच आहे, आणि तिकडे लिफ्ट आहे. गुडघे हो." मी म्हटलं, असू दे. आठ चादरींपुरतं जे माझं एकटीचं होतं, ते आता रस्ताभर दोऱ्यांवर वाळतं. भाजी आणायला उतार उतरले की या गच्चीतून, त्या अंगणातून हेच येतात. एकदा तर मी अनोळखी दारासमोर पिशवी घेऊन उभीच राहिले. आतून कुणीतरी विचारलं, "कोण हवंय?"

काय सांगणार?

चार वाजता मी अजून चहा ओतते. वारा खालून वर यायला लागतो तीच ही वेळ. तीनमजलींच्या गच्चीवरच्या चादरी फडफडतात, आणि लवंग अंगणापर्यंत येते, पायरीपर्यंत येते, दारात थांबते.

"तिकडेच आहे मेला अजून," वन्सं म्हणतात. "येईल गं. बशी झाक."

मी झाकते.